लाल चांदणी कोण लावतं?

मैत्रिणींनो, अलीकडे आपल्या बैठकांमधून एक तक्रार वारंवार ऐकू येते. 'फॉर्म पुढं जात नाही.' पूर्वी साहेब जागेवर नसायचे, कारकून 'उद्या या' म्हणायचा. पण त्यांच्याशी निदान भांडता यायचं. दहाजणी टेबलाभोवती उभ्या राहिल्या की उद्याचं काम आज व्हायचं. आता टेबलाच्या जागी पडदा आला आहे. पडद्याशी भांडायचं कसं, हे आपण कुठल्याच शिबिरात शिकलो नाही. मला ते थोडंफार शिकता आलं, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात अक्कांपासून करते. अक्का हे त्यांचं खरं नाव नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या एका बचत गटातल्या त्या सभासद. नवरा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. घटस्फोट नाही, मृत्यूचा दाखला नाही. एका योजनेचा अर्ज भरायला मी त्यांच्याबरोबर ऑनलाइन सेंटरवर गेले होते. नाव झालं, पत्ता झाला, मग 'पतीचे नाव' हा रकाना आला. शेजारी लाल चांदणी. अक्का म्हणाल्या, "ते मोकळं सोड." सेंटरवरच्या मुलानं सोडलं आणि बटण दाबलं. पडदा पुन्हा तिथंच, वर लाल अक्षरांत सूचना. "मावशी, नाव टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही," मुलगा म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. त्यानंच तोडगा काढला. रकान्यात एक टिंब टाकलं आणि कॉम्प्युटर मुकाट्यानं पुढं गेला. पावतीवर छापून आलं, 'पतीचे नाव' आणि पुढं एक टिंब. अक्कांनी पावती निरखून पाहिली. "बरोबर आहे की. अकरा वर्षं टिंबच आहे तो." आम्ही सगळेच हसलो.

दोन महिन्यांनी अर्ज परत आला. कारण लिहिलं होतं, पतीचे नाव अयोग्य. मग चार खेपा, चार दिवसांची बुडालेली मजुरी, प्रतिज्ञापत्र, शिक्के. काम शेवटी झालं. पण त्या चारही खेपांना अक्कांना खिडकीशी उभं राहून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नवरा कुठं आहे ते सांगावं लागलं. 'कॉम्प्युटर घेत नाही,' असं प्रत्येक खिडकीवर ऐकवलं गेलं. आणि मी, जी कॉम्प्युटर येणारी म्हणून बरोबर गेले होते, मलाही ते खरंच वाटत होतं.

माझ्याविषयी थोडं सांगते. मी हिशेब लिहिणारी बाई. बी.कॉम. झाले, लग्न झालं, दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर एका महिला पतसंस्थेत नोकरी धरली. कर्जाचं व्याज महिन्याच्या महिन्याला हातानं मांडायचा कंटाळा आला म्हणून एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायला शिकले. शिकवणारं कुणी नव्हतं. इथून एक ओळ उतरवायची, तिथून दोन. चालली तर चालली. सात वर्षं हेच चाललं होतं. 'हिचं हिनं शिकली,' असं लोक कौतुकानं म्हणायचे आणि ते ऐकायला मला आवडायचं. खरी परिस्थिती मलाच ठाऊक होती. ओळ का चालते ते कळत नव्हतं, त्यामुळं बंद पडली की का बंद पडली तेही कळायचं नाही. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच समजेल. जुना ब्लाउज उसवून त्यावरून नवा कापता येत होता. अंगाचं माप घेऊन कापड बेतता येत नव्हतं.

स्वतःचं स्वतः शिकणाऱ्याचं आपल्याकडं फार कौतुक. एकलव्याचंही होतं. त्याला शाळेत का घेतलं नाही, हा प्रश्न मात्र त्या कौतुकात बुडून जातो.

अक्कांच्या त्या अर्जानंतर मी ठरवलं, की पडद्यावरची पानं कशी बनतात ते पहिल्यापासून, क्रमानं शिकायचं. डोळ्यांसमोर जे येतं, अक्षरं, रकाने, बटणं, रंग, त्याला या धंद्यात फ्रंट-एंड म्हणतात. आत माहिती साठवणारा तो बॅक-एंड. दुकानातली पुढची मांडणी आणि मागचं गोदाम म्हणा. मांडणीला तीन गोष्टी लागतात. पानावर काय काय आहे ते एचटीएमएलमध्ये सांगायचं, ते कसं दिसावं ते सीएसएसमध्ये, आणि कुणी दाबलं-लिहिलं तर काय व्हावं ते जावास्क्रिप्टमध्ये. मी 'फ्री कोड कॅम्प' या २०१४ मध्ये सुरू झालेल्या मोफत उपक्रमाचा अभ्यासक्रम धरला. तो इंग्रजीत होता. अडलं की मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'कडं वळायचे; त्यांचे लहान लहान पाठ मराठी आवाजातही मिळतात.

त्या अभ्यासक्रमात पहिलंच पान बनवायचं होतं ते मांजरांच्या फोटोंचं. मला हसू आलं. चाळिशी ओलांडलेली बाई पहाटे पाच वाजता उठून मांजरांचं पान बनवते आहे! पण त्याच धड्यात शेवटी एक छोटा फॉर्म होता, आणि एका पायरीवर सांगितलं होतं, की रकाना मोकळा असताना फॉर्म पुढं जाऊ द्यायचा नसेल तर त्या रकान्याच्या ओळीत 'रिक्वायर्ड' हा शब्द लिहा. मी लिहिला. बटण दाबलं. फॉर्म अडला. शब्द खोडला. फॉर्म गेला. पुन्हा लिहिला, पुन्हा अडला.

मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. एक शब्द! अक्कांच्या चार खेपा, चार दिवसांची मजुरी आणि खिडकीवरची ती शोभा, या सगळ्याच्या मुळाशी कुणीतरी टाइप केलेला असा एक शब्द असणार. कॉम्प्युटर नाही म्हणत नव्हता. माणूस नाही म्हणत होता. कुणीतरी ऑफिसात बसून, बहुतेक जुना कागदी नमुना समोर ठेवून, विवाहित बाईला नवऱ्याचं नाव असणारच असं गृहीत धरून तो लिहिला होता. कागदावर मोकळी जागा सोडता यायची आणि पुढं समजावता यायचं. पडद्यानं ती मोकळी जागाच काढून घेतली.

मला जे सांगायचं आहे ते हेच. पडद्यावरचा प्रत्येक रकाना हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि तो निर्णय घेणाऱ्यांत आपण नसतो. तिथं पोचायचं तर क्रमानं शिकावं लागतं, आणि क्रमानं शिकायला लागतो वेळ. म्हणून शिकण्याचा तास हा बाईचा हक्क आहे, छंद नाही. संघटनांनी तो हक्क म्हणून मागायला हवा.

वेळेचं गणित मांडूनच पाहू. मी केला तेव्हा त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या टप्प्याला साधारण ३०० तास लागतील, असं सांगितलेलं होतं. पैसे नाहीत, म्हणजे फुकट. पण ३०० तास कुठून आणायचे? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात हात लावणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांत ८१ टक्क्यांवर, पुरुषांत २६ टक्के. मला पहाटे पंचेचाळीस मिनिटं मिळायची. त्या हिशेबानं ३०० तासांना ४०० दिवस. त्यातून आजारपणं, परीक्षा, दिवाळी, मार्चअखेर वजा करा. मला एक वर्ष आठ महिने लागले. माझ्याच ऑफिसातल्या बावीस वर्षांच्या मुलानं तेच चार महिन्यांत संपवलं. तो हुशार आहेच, पण त्याचा डबा त्याची आई भरते.

ती पंचेचाळीस मिनिटंही सहज मिळाली नाहीत. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांना वाटायचं, मी पहाटे उठून फोनवर काहीतरी बघत बसते. नवऱ्याचा विरोध नव्हता, पण चहाची वेळ झाली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. बोलायचा काही नाही. मला उठावंच लागायचं. एके दिवशी मी उठले नाही. म्हटलं, "डब्यात पावडर आहे, आलं टोपलीत आहे." घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवसापासून पहाटेचा चहा तो करतो. हे लिहायला लहान वाटतं. ज्यांनी घरात असा एखादा तास मिळवला आहे, त्यांना तो किती महाग पडतो ते माहीत आहे.

पद्धतशीर अभ्यासक्रमाचा मला मोठा उपयोग झाला तो इथं. आपला वेळ तुकड्यातुकड्यांचा. मनाला येईल तसं शिकायचं तर 'कालचं कुठं सोडलं होतं' हे आठवण्यातच अर्धा तास जायचा. अभ्यासक्रमात पायऱ्या लहान असतात. दूध उतू गेलं म्हणून उठलं तरी परत आल्यावर तीच पायरी आपली वाट बघत असते. म्हणून मी म्हणते, सोय नसलेल्या बाईला शिस्तीच्या शिक्षणाची गरज जास्त. 'एवढं सगळं मोबाइलवर आहे, शिकायचं तर कुणीही शिकेल,' असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही.

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचे आक्षेप. एकीनं मला विचारलं, "हे तांत्रिक काम कुणाकडूनही पैसे देऊन करून घेता येईल. आपण यात कशाला शिरायचं?" दुसरी म्हणाली, "हे सगळं बाजाराचं शिक्षण आहे, नोकऱ्या आणि प्रमाणपत्रं." दोन्हींत तथ्य आहे. जिल्ह्याच्या गावी एका खाजगी क्लासमध्ये मी चौकशीला गेले होते. तिथले संचालक म्हणाले, "लेडीजना फ्रंट-एंड बरं पडतं. रंग, डिझाइन. खरं डोक्याचं काम मागं असतं." म्हणजे घरातली श्रमविभागणी इथंही हजर! मांडणी बायकांची, गोदाम पुरुषांचं, आणि पगार गोदामाला जास्त.

पण इतिहास पाहिला तर 'डोक्याचं काम' कशाला म्हणायचं हे काम कोण करतं त्यावर ठरत आलेलं दिसतं. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक हा अवाढव्य संगणक जगापुढं आला. त्याला गणितं घालून देणाऱ्या सहाजणी होत्या : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बायलस आणि रूथ लिख्टरमन. त्यांना शिकायला पुस्तक नव्हतं; यंत्राच्या आकृत्या वाचून त्या शिकल्या. तेव्हा यंत्र बनवणं हे पुरुषी काम आणि त्याला गणित घालणं हे कारकुनी समजलं जाई. ब्रिटनमध्ये १९६२ साली स्टेफनी शर्ली यांनी घरी बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या बायकांची कंपनी काढली. स्त्रीच्या नावानं लिहिलेल्या पत्रांना उत्तरं येईनात म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. फोन आला की घरातल्या बाळाचा आवाज लपवायला टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत. पुढं या कामाला मान आणि पैसा आला तशा बायका मागं पडल्या. अमेरिकेत १९८४ च्या सुमाराला संगणकशास्त्राच्या पदवीधरांत सुमारे ३७ टक्के स्त्रिया होत्या. पंचवीस वर्षांनी ते प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. या इतिहासातली एक गोष्ट मला धीर देते. एनिॲकवरच्या त्या बायका स्वतःचं स्वतः शिकल्या खऱ्या, पण एकेकट्या नाही. सहाजणी मिळून शिकल्या.

आणि पैसे देऊन करून घेण्याविषयी माझं उत्तर माझ्याच चुकीतून आलं आहे. शिकून झाल्यावर आमच्या सल्ला केंद्रासाठी मी एक फॉर्म बनवला. घरात मारहाण होणारी बाई त्यावरून निरोप ठेवू शकेल, असा. फार मन लावून बनवला होता. 'पतीचे नाव' अर्थातच नव्हतं. बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवला. सगळ्यांनी वाहवा केली. मागं बसलेल्या एका तरुण मुलीनं विचारलं, "ताई, मोबाइल नंबरला लाल चांदणी का?" मी म्हटलं, "नंबर नसेल तर संपर्क कसा करणार?" ती म्हणाली, "माझा फोन नवऱ्याकडं असायचा. तुम्ही उलट फोन केला असता तर मला अजून मार बसला असता."

बैठक गप्प झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच होत्या. हा आकडा मला तोंडपाठ होता, भाषणात वापरलाही होता. तरी चांदणी मीच लावली! त्या रात्री मी तो शब्द खोडला आणि नवा रकाना केला : 'कुणामार्फत, कुठल्या वेळी निरोप दिलेला चालेल?' आपल्या चुका त्यानंतर अशाच निघत गेल्या. नावाच्या रकान्याला मी अक्षरांची मर्यादा घातली होती. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, पायमोडकी खूण असं सगळं वेगवेगळं मोजतो, त्यामुळं 'ज्ञानेश्वरी' हे डोळ्यांना चार अक्षरांचं नाव त्याच्या लेखी अकरा अक्षरांचं होतं. मर्यादा काढली. ओळींमधलं अंतर कमी ठेवल्यानं वेलांट्या-मात्रा कापल्या जात होत्या, ते वाढवलं. प्रत्येक रकान्याचं शीर्षक त्याला नीट जोडलं, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम कुठला रकाना कशाचा ते सांगू शकतो.

यातलं बरंचसं अभ्यासक्रमानं शिकवलं. चांदणी कशी लावायची तेही त्यानंच शिकवलं. कुठं लावू नये, ते त्या मुलीनं शिकवलं. कुठल्याही कंपनीला पैसे देऊन ती मुलगी विकत मिळत नाही. ती आपल्या बैठकीतच भेटते. पण तिचं बोलणं ऐकून त्याच रात्री हात घालू शकणारी एक तरी बाई बैठकीत असावी लागते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. पडद्यावरचा शब्द खोडून सगळे प्रश्न सुटत नाहीत. पडद्यामागं माहितीचा साठा असतो, तिथंही तो रकाना अनिवार्य केलेला असू शकतो. त्याच्याही मागं शासकीय नियम असतो, आणि नियमामागं समाजाची समजूत. ही लढाई जुनी आहे. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर मुलाची पालक म्हणून आईची सही चालेल की नाही, या प्रश्नावरून गीता हरिहरन यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. निकाल १९९९ मध्ये लागला. पारपत्राच्या अर्जात विभक्त किंवा घटस्फोटित स्त्रीला नवऱ्याचं नाव देण्याची गरज नाही, हे २०१६ च्या डिसेंबरात जाहीर झालं. आई एकटी पालक असेल तर पॅन कार्डाला वडिलांचं नाव लागणार नाही, हे २०१८ च्या डिसेंबरपासून. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं त्याच वर्षी मार्चमध्ये घेतला. म्हणजे नियम बदलतात. पण नियम बदलला तरी कुठल्या तरी टेबलावर बसून कुणीतरी तो शब्द खोडावा लागतो. तो खोडला की नाही हे तपासायला आपल्यातलं कुणीतरी हवं.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. आपल्या गटात, संस्थेत जी कुणी हे शिकते आहे, तिचा अभ्यासाचा तास संघटनेचं काम म्हणून धरा. बैठका, मोर्चे आणि घर उरकून जे उरेल त्यात तिनं शिकावं, अशी अपेक्षा ठेवू नका. एकीला शिकायला पाठवू नका, दोघी-तिघींना मिळून पाठवा. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आणि डेटा एंट्री इथंच आपली गाडी थांबवू नका. आपला कुठलाही फॉर्म लोकांपुढं ठेवण्याआधी बैठकीत मोठ्यानं वाचा, आणि प्रत्येक चांदणीपाशी थांबून विचारा, हे नसेल तर ही बाई आपल्याला नको आहे का? आणि सरकारी फॉर्म अडला तर 'कॉम्प्युटर घेत नाही' हे उत्तर मान्य करू नका. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी विचारा, हा रकाना कुठल्या नियमानं अनिवार्य केला आहे? नियमाची प्रत द्या. पडद्याशी भांडायची ही रीत आहे. पडद्यामागच्या माणसाला टेबलाशी बोलवायचं.

अक्कांना मी तो शब्द माझ्या पानावर दाखवला. लिहून, खोडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "एवढंच? मग मलाच शिकव की." सध्या दर रविवारी दुपारी आम्ही चौघी पतसंस्थेच्या ऑफिसात बसतो. अक्का मांजरांच्या पानावर आहेत.

तुमच्याकडं कुठला रकाना अडतो? तुम्ही काय केलंत? जरूर लिहा.